मेंदूतील आघातजन्य रक्तस्राव : बरे होण्याचा अंदाज

अपघात, पडणे किंवा मार यांमुळे कवटीच्या आत रक्तस्राव झालेला रुग्ण वाचेल का आणि वाचल्यास कितपत पूर्ववत होईल, याविषयी बांधला जाणारा वैद्यकीय अंदाज. आयसीयूबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या कानी बहुधा एकच वाक्य पडते : '४८ तास काही सांगता येणार नाही.' ही टाळाटाळ नसते. त्या काळात मेंदूची सूज वाढू शकते, रक्ताची गाठही मोठी होऊ शकते.

रक्त कुठे साचले यावर बरेच ठरते. कवटी आणि मेंदूचे बाहेरचे आवरण यांच्यामधल्या एपिड्यूरल रक्तस्रावात बहुधा धमनी फुटलेली असते. काही रुग्ण मध्यंतरी शुद्धीवर येतात, बोलतात आणि काही तासांत कोसळतात. तरीही गाठ वेळेत काढली तर सुधारणा चांगली होते, कारण खालचा मेंदू अनेकदा शाबूत असतो. त्या आवरणाखालच्या तीव्र सबड्यूरल रक्तस्रावात मेंदूलाही मार बसलेला असतो, म्हणून तो अधिक घातक.

ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये बेशुद्धी मोजण्याची साधी पट्टी दिली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६, असे कमाल १५ गुण, किमान ३. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. यंत्र लागत नाही, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यातही ती वापरता येते.

असा अंदाज बांधण्यासाठी आज प्रामुख्याने वापरली जाणारी गणिते दोन : 'क्रॅश' आणि 'इम्पॅक्ट', दोन्ही २००८ मधली. 'क्रॅश'मागे स्टेरॉइडच्या चाचणीतील १०,००८ रुग्णांची माहिती आहे. त्या चाचणीत स्टेरॉइडमुळे मृत्यू वाढल्याचे दिसले आणि ती थांबवावी लागली. पण जमलेल्या नोंदी पुढे कामी आल्या. वय, ग्लासगो गुण, डोळ्यांच्या बाहुल्यांचा प्रकाशाला प्रतिसाद आणि शरीरावरील इतर मोठ्या जखमा यांवरून १४ दिवसांतील मृत्यूची, तसेच सहा महिन्यांनी मृत्यू वा गंभीर अपंगत्व येण्याची शक्यता काढतात. हाती सीटी स्कॅन असल्यास मेंदू मध्यरेषेपासून सरकला आहे का, हेही त्यात धरले जाते. कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी 'क्रॅश'ची आकडेमोड वेगळी आहे. भारतातील डॉक्टरांनी तीच वापरायला हवी.

गणित सांगते ते तशा शंभर जणांबद्दल; समोरच्या एकाबद्दल नाही. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने भारतीय कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी होते. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण प्रथम श्रेणीच्या मैदानावर परतले. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, ग्लासगो पट्टीही नव्हती.

घाईचा अंदाज स्वतःच स्वतःला खरे ठरवू शकतो, हा या विषयातला सर्वांत गंभीर धोका : आशा नाही म्हणून उपचार थांबवले, की रुग्ण दगावतो आणि अंदाज बरोबर होता असे वाटते. कॅनडातील सहा ट्रॉमा केंद्रांचा २०११ चा अभ्यास सांगतो की गंभीर इजेच्या ७२० रुग्णांपैकी ३१.७ टक्के दगावले, आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू जीवरक्षक उपचार काढून घेतल्यानंतरचे होते. केंद्रागणिक मृत्यूचे प्रमाण १०.८ ते ४४.२ टक्के इतके बदलत होते. म्हणूनच उपचार काढून घेण्याचा निर्णय निदान पहिले ७२ तास तरी लांबवावा, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात.

अमेरिकेतील 'ट्रॅक-टीबीआय' अभ्यासाने (२०२१) ही सबुरी योग्य ठरवली. इजेनंतर दोन आठवड्यांनी ज्यांचे डोळे उघडत, पण भोवतालची जाणीव दिसत नसे, अशांपैकी ७८ टक्के वर्षभरात शुद्धीवर आले. सुमारे चौथ्या हिश्शाला पुन्हा स्थळकाळाचे भान आले.