मायन हॉट चॉकलेट : कोकोत मिरची का?

मध्य अमेरिकेतील माया लोक कोकोच्या भाजलेल्या बिया वाटून पाण्यात घुसळत आणि त्यात मिरची घालत. दूध-साखर आली ती १६व्या शतकात स्पॅनिश लोक तिथे पोहोचल्यावर. मिरचीही मूळची अमेरिकेचीच. भारतात ती पोर्तुगीजांनी आणली. आज नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन आहे.

कृती (१ कप) : कपभर दुधात १ मोठा चमचा कोको पावडर, चिमूटभर दालचिनी आणि चिमूटभर भिवापुरी तिखट घालून मंद आचेवर ५ मिनिटे उकळा. गॅस बंद करून, जरा निवल्यावर चवीपुरता गूळ घाला. उकळत्या दुधात गूळ टाकल्यास दूध फाटू शकते. शेवटी माया लोकांसारखे उंचावरून दुसऱ्या भांड्यात ओता, म्हणजे छान फेस येईल.