६५,५३६ वी ओळ

आजचा भाग एका आकड्याबद्दल आहे. ६५,५३६. कोडिंग करणाऱ्यांना तो लगेच ओळखू येईल, दोनाचा सोळावा घात. बाकीच्यांनी फक्त लक्षात ठेवा. कारण २०२० साली इंग्लंडमध्ये याच आकड्यापाशी हजारो कोरोना रुग्णांच्या नोंदी अडकल्या आणि आठवडाभर कोणाला पत्ताच लागला नाही.

आधी थोडं मागे जाऊ. १९७८ साली हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला एक कल्पना सुचली. तक्त्यातला एक आकडा बदलला की बाकीची गणितं आपोआप बदलायला हवीत. बॉब फ्रँकस्टनने त्याचा प्रोग्राम लिहिला आणि १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकावर व्हिजिकॅल्क आलं. त्यात ओळी किती? फक्त २५४. तेव्हा तेवढ्या पुष्कळ वाटायच्या. कारण स्प्रेडशीट म्हणजे एका माणसाचा हिशेबाचा कागद होता.

मग १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आलं. एक्सेलमध्ये १६,३८४ ओळी होत्या. एक्सेल ९७ मध्ये त्या ६५,५३६ झाल्या. त्या एक्सएलएस फाइलमध्ये ओळीचा क्रमांक साठवायला १६ बिट्स होते, आणि १६ बिट्समध्ये एवढेच क्रमांक बसतात. २००७ साली एक्सएलएसएक्स आली आणि मर्यादा १०,४८,५७६ वर गेली.

पण याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. कागद एकट्याचा राहिला नव्हता. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणलं, म्हणजे वेगवेगळ्या डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलायची सोय. पुढे पॉवर क्वेरी आलं, २०१५ मध्ये पॉवर बीआय सगळ्यांसाठी खुलं झालं. आता एक्सेलची फाइल द्यायची, रिफ्रेश दाबायचं, की साहेबांच्या स्क्रीनवर रंगीत आलेख हजर. जो तक्ता एका माणसासाठी बनला होता, त्याच्यावर आता अख्ख्या ऑफिसचे निर्णय उभे राहायला लागले.

आता २०२० वर येऊ. इंग्लंडमध्ये खासगी लॅबमधून चाचण्यांचे निकाल सीएसव्ही फाइलमध्ये यायचे. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, स्वल्पविरामांनी तोडलेला. तिला ओळींची मर्यादा नसते. पब्लिक हेल्थ इंग्लंड ही सरकारी संस्था हा डेटा एक्सेलच्या साच्यात घ्यायची आणि तिथून तो मध्यवर्ती यंत्रणेत, डॅशबोर्डवर आणि संपर्क शोधणाऱ्या लोकांकडे जायचा. साचा होता जुना, एक्सएलएस. नवी फाइल येऊन १३ वर्षं झाली होती तरी! त्यात एका चाचणीच्या अनेक ओळी व्हायच्या. त्यामुळे बीबीसीच्या बातमीनुसार एका साच्यात साधारण १,४०० रुग्णच मावत होते. उरलेले बाहेर.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात असे १५,८४१ पॉझिटिव्ह रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळले. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या सहवासात आलेल्यांना फोन करायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांच्या यादीत ही नावं वेळेवर पोहोचलीच नाहीत. ती माणसं कामावर जात राहिली, आजी-आजोबांना भेटत राहिली. चूक सापडल्यावर राहिलेल्या नोंदी घातल्या, तेव्हा ४ ऑक्टोबरचा आकडा एकदम २२,९६१ वर गेला.

थिमो फेट्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थतज्ज्ञांनी नंतर जास्त नोंदी गळलेल्या भागांची बाकीच्या भागांशी तुलना केली. त्यांचा अंदाज असा, की सव्वा लाखाहून अधिक जादा संसर्ग आणि दीड हजाराहून अधिक जादा मृत्यू यांचा या चुकीशी संबंध आहे. अंदाजच आहे, पण ऐकून पोटात गोळा येतो.

मला ही गोष्ट जास्त लागते, कारण अशीच चूक मी केली आहे. पहिल्या नोकरीत मी शाखांच्या एक्सेल फाइल्स रिपोर्टला जोडल्या होत्या आणि रेंज ठेवली होती ५,००० ओळींपर्यंत. एका शाखेची फाइल त्यापुढे वाढली. रिपोर्टने काही तक्रार केली नाही. आलेख तसाच देखणा. तीन आठवड्यांनी त्या शाखेच्या मॅनेजरबाईंचा फोन आला, "अहो, आमची विक्री खरंच एवढी पडली आहे का?" त्या मीटिंगमध्ये बोलणी खाऊन आल्या होत्या. चूक माझी होती.

गंमत म्हणजे यावरचा उपाय आपल्याकडे जुनाच आहे. शाळेत गुणाकार झाल्यावर बाई काय सांगायच्या? ताळा करून बघ. रोजकीर्दीतून खतावणी करणारा कारकूनसुद्धा दोन्हीकडच्या बेरजा जुळल्याशिवाय वही मिटत नसे. डेटा एका जागेवरून दुसरीकडे नेताना हेच करायचं. तिकडे ओळी किती होत्या, इकडे किती आल्या? तिकडची बेरीज किती, इकडची किती? जुळलं नाही तर रिफ्रेश थांबायला हवा, मोठ्याने बोंब मारून. आणि फिक्स रेंज देण्यापेक्षा एक्सेलमध्ये कंट्रोल-टी दाबून टेबल करा आणि ते टेबल जोडा. ओळी वाढल्या की टेबलही वाढतं.

सॉफ्टवेअर बंद पडलं तर लगेच कळतं. भीती वाटते ती न सांगता थोडंसं सोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरची. कारण आलेखात नसलेली ओळ डोळ्याला दिसत नाही.

तर मंडळी, आज ऑफिसमध्ये एखादा रिपोर्ट उघडलात, तर एकदा मूळ फाइलच्या तळाशी जाऊन शेवटची ओळ बघा. ती रिपोर्टमध्ये आहे का? नसेल, तर शांतपणे चहा घ्या आणि मग टीमला फोन लावा. भेटू पुढच्या भागात!