कैद्याचा अर्ज, पीडिताचा हक्क

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो क्षुद्र नाही. ज्याने कायदा मोडला त्याने पुन्हा त्याच कायद्याकडे दाद कशाला मागावी? कैद्यांसाठी याचिका करणारे वकील पळवाटा शोधून गुन्हेगारांना बाहेर काढतात आणि या सगळ्यात ज्याच्या घरचे माणूस गेले त्याची कोणी विचारपूस करत नाही. वाहिन्यांवर हे मत आरडाओरड करत येते. पण शांतपणे मांडणारी सुज्ञ माणसेही पुष्कळ आहेत. वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखांना हेलपाटे घातलेल्या फिर्यादीच्या तोंडून ते ऐकले, तर उत्तर देताना जीभ अडखळते.

तरीही ते टिकत नाही. ते खोडायला निर्दोषाचा कैवारही घ्यावा लागत नाही; दोषी माणसाचेच प्रकरण पाहू. होसकोट हे विद्यापीठात प्रपाठक होते आणि बनावट पदव्यांच्या प्रकरणात दोषी ठरले. सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली, ती मुंबई उच्च न्यायालयाने 1973 मध्ये तीन वर्षे सक्तमजुरीपर्यंत वाढवली. सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावायला मात्र त्यांना चार वर्षांहून अधिक उशीर झाला. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत तुरुंगात पोहोचली होती. ती कैद्याच्या हाती पडल्याची त्याची लेखी पोच कुठेच नव्हती. 1978 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्यासमोर हा अर्ज आला आणि त्यांनी तो फेटाळला. शिक्षेला धक्का लागला नाही. पण त्याच निकालपत्राने देशभरच्या तुरुंगांना बांधून घेतले: शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट द्यायची, त्याची लेखी पोच घ्यायची, आणि अपिलासाठी वकील करण्याची ऐपत नसेल तर तो सरकारने द्यायचा. अर्जदार हरला, नियम उरला. याला पळवाट म्हणायचे असेल, तर त्या वाटेने पळाला कोण, तेही सांगावे लागेल.

कायद्याच्या बाजूने मूळ मुद्दा याच्याही तेरा वर्षे आधी निकाली निघाला होता, आणि तोही एका मराठी पुस्तकामुळे. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला राज्य सरकारने नकार दिला. सरकारचे म्हणणे असे, की स्थानबद्धाला नियमांत लिहिलेल्या सवलती तेवढ्या मिळतात आणि पुस्तक छापण्याची सवलत त्यांत नाही. (बॉम्ब बनवण्याची कृती असती तर गोष्ट वेगळी.) सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये हा युक्तिवाद उलटा फिरवला: नियमांनी जे काढून घेतलेले नाही ते माणसाकडे राहतेच. तुरुंगाच्या फाटकाशी नागरिकत्व जमा करून घेण्याची सोय संविधानात नाही.

हे सारे स्वप्नाळू कार्यकर्त्यांचे खूळ, असेही म्हटले जाते. खटल्याविना अडकलेल्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणाची सुरुवात कुठून झाली ते पाहावे. सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख, नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांबद्दल ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिले, आणि 1979 मध्ये ॲड. कपिला हिंगोरानी ते लिखाण घेऊन न्यायालयात गेल्या. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ माणसे खटल्याची वाट पाहत आत होती. हे पोलीस अधिकाऱ्याला खुपले. आपल्याला खुपत नसेल तर प्रश्न आपल्याला विचारला पाहिजे.

आता सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप: पीडिताचे काय? बिहारचा रुदल शाह 1968 मध्ये निर्दोष सुटूनही 1982 पर्यंत तुरुंगातच होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी 1983 मध्ये त्याला भरपाई देताना मूलभूत हक्क मोडल्याबद्दल सरकारने थेट पैसे मोजावेत, ही वाट खुली केली. पुढे हावड्यात रेल्वे कर्मचाऱ्यांसह काही जणांच्या बलात्काराला बळी पडलेल्या बांगलादेशी महिलेला 10 लाख रुपयांची भरपाई 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, ती याच वाटेने. पीडितेच्या हक्काचा पाया एका कैद्याच्या अर्जात होता.

आक्षेपकांचे एक म्हणणे मात्र खरे आहे. धनाढ्य आरोपीचा जामीन दोन दिवसांत सुनावणीला येतो आणि गरिबाची फिर्याद धूळ खात पडते. पण तो राग चुकीच्या दारावर निघतो. 2022 अखेर देशाच्या तुरुंगांतले जवळपास 76 टक्के लोक कच्चे कैदी होते, आणि अशांतल्या अनेकांना जामीनदार उभा करणेही जमत नाही.

नाशिक जिल्ह्यातले 2003 चे प्रकरण या वादात कोणी काढत नाही. एका वस्तीवर दरोडा पडला, पाच खून झाले, बलात्कार झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशी सुनावली. त्यांतल्या तिघांची जन्मठेप वाढवून. या सहांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले. फेरविचार अर्ज लावून धरला गेला नसता तर हे सगळे फासावर गेलेही असते. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या दप्तरातल्या फोटोंमधून भलत्याच चार जणांवर बोट ठेवले होते. त्या चौघांचा तपास झालाच नव्हता.