धूळमाइट अ‍ॅलर्जीवरील इम्युनोथेरपी (बीड जिल्हा)

घरातल्या धुळीतील माइट या सूक्ष्म जीवांमुळे होणाऱ्या नाकाच्या अ‍ॅलर्जीवरचा दीर्घ मुदतीचा उपचार. ज्या घटकाचा त्रास होतो त्याचाच अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेऊन शरीराला तो सोसण्याची सवय लावली जाते. बोलण्यात ‘अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं’ असाच उल्लेख होतो. शिंकांवर शिंका, नाक गळणे किंवा चोंदणे, टाळू व डोळे खाजणे ही या रोगाची लक्षणे. ताप नसतो, त्रास बहुधा पहाटे, अंथरुणातून उठताना वाढतो.

माइट हा कीटक नव्हे. तो कोळ्यांच्या वर्गातला, आठ पायांचा, सुमारे ०.३ मिमी लांबीचा. कपाशीवर पडणाऱ्या लाल कोळ्याचा दूरचा भाऊबंद. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर तो जगतो. चावत नाही, पाणीही पीत नाही. हवेतली ओल शोषून घेतो. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. हे कण जड असल्याने लवकर खाली बसतात आणि गादी झटकली, उशीवर डोके टेकले की उडतात. घरधुळीच्या अ‍ॅलर्जीमागे माइट आहे, हे नेदरलँड्समधील लेडन येथे फोरहोर्स्ट व स्पीक्समा यांनी १९६०च्या दशकात दाखवले. डर्मॅटोफॅगॉइडस टेरोनिसिनस व डर्मॅटोफॅगॉइडस फॅरिनी या त्याच्या प्रमुख जाती. उष्ण प्रदेशांत ब्लोमिया ट्रॉपिकॅलिसही आढळते.

बीडमध्ये वार्षिक सरासरी पाऊस ७०० मिमीहून कमी आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, म्हणजे माइटला प्रतिकूल हवा. पण पावसाळ्याचे महिने त्याला पुरतात. चार महिने घरात दमट राहिलेल्या गोधड्या, वाकळी आणि कापसाच्या गाद्या घटस्थापनेपूर्वी बाहेर काढून धुतल्या जातात, झटकल्या जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत शिंका वाढतात. चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात माइट मरतात. मेल्यावरही त्यांची प्रथिने कापडात राहतात, म्हणून नुसते ऊन पुरत नाही, धुवावेही लागते. माइट मारायला पाणी ५५ ते ६० अंश तापलेले हवे. साध्या पाण्यानेही प्रथिने बरीच निघून जातात.

निदानात चूक होते ती याच दिवसांत. भाद्रपद-आश्विनात माळरानावर गाजरगवतही फुललेले असते आणि त्याच्या परागांची सर्दी हुबेहूब अशीच दिसते. बळदात किंवा कणगीत साठवलेल्या ज्वारीच्या धुळीत साठवणीच्या धान्यातले वेगळे माइट असतात; जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीचा फुप्फुसांना होणारा त्रास तर निराळाच रोग. ‘धुळीची अ‍ॅलर्जी’ एवढ्या निदानावर इंजेक्शने सुरू करणे हे रुग्णाचे पैसे आणि वर्षे वाया घालवणे आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतील पराग व बुरशीबीजाणूंच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. अशा हवेच्या नमुन्यांत माइट सहसा हाती लागत नाहीत, त्यांच्यासाठी गादीचीच धूळ तपासावी लागते. रुग्णाची खात्री करायची ती त्वचेच्या टोच-चाचणीने: अर्काचा थेंब, सुईचा हलका टोच, १५ ते २० मिनिटांनी उठणारी गांध. त्याआधी काही दिवस सर्दीच्या अ‍ॅलर्जीविरोधी गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. पर्याय म्हणून रक्तातील माइटविरोधी आयजीई प्रतिपिंडे मोजता येतात.

या उपचारपद्धतीचा आरंभ १९११चा. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क टोचून पाहिला. आज अर्क दंडात त्वचेखाली टोचतात किंवा थेंब अथवा गोळीच्या रूपात जिभेखाली देतात. माइटच्या गोळ्यांना युरोपात २०१५ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. भारतात प्रामुख्याने इंजेक्शने व थेंबच वापरात आहेत. इंजेक्शने आधी काही महिने साधारण दर आठवड्याला चढत्या मात्रेने आणि मग सुमारे महिन्याने एक अशी किमान ३ वर्षे चालतात. त्यामुळे शरीरात आयजीजी-४ प्रतिपिंडे वाढतात, अ‍ॅलर्जीला आवर घालणाऱ्या पेशी सक्रिय होतात. उपचार थांबल्यावरही फायदा काही वर्षे टिकू शकतो, आणि हे नाकातल्या फवाऱ्याने वा लक्षणे दाबणाऱ्या नेहमीच्या गोळीने साधत नाही. वर्षभरात काहीच फरक नसेल तर पुढे रेटण्यात अर्थ नाही. क्वचित जीवघेणी प्रतिक्रिया येते, म्हणून प्रत्येक इंजेक्शननंतर ३० मिनिटे दवाखान्यात थांबणे आणि तिथे अ‍ॅड्रिनॅलिन तयार असणे सक्तीचे. दमा आटोक्यात नसल्यास आणि गरोदरपणात उपचार सुरू करत नाहीत.

जिल्ह्यात नाकाच्या तक्रारींसाठी मोठा सरकारी आधार म्हणजे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मात्र बीडमधला खरा अडथळा औषधाचा नाही, वर्षाच्या वेळापत्रकाचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मध्ये इंजेक्शने लांबली की मात्रा खाली आणून पुन्हा चढवावी लागते. फार लांबली तर पहिल्यापासून. इंजेक्शनचा अर्क २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो आणि उसाच्या फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) फ्रीज नसतो. अशा कुटुंबाला फवारा, धुतलेली वाकळ आणि हंगामापुरत्या अ‍ॅलर्जीविरोधी गोळ्या हाच व्यवहार्य उपचार ठरतो. गावी राहणाऱ्या शाळकरी मुलाला मात्र इम्युनोथेरपी पूर्ण करता येते.