एचएल७ संदेशांचे गठ्ठा-प्रेषण

रुग्णनोंदी, तपासण्यांचे निकाल इत्यादींचे अनेक एचएल७ (आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीचे मानक) संदेश एकत्र बांधून पाठवण्याची पद्धत. एचएल७ संस्था अमेरिकेत १९८७ मध्ये स्थापन झाली; जावासाठीची हापी ही मुक्तस्रोत लायब्ररी टोरांटोत विकसित झाली. गठ्ठ्याच्या आरंभी ‘बीएचएस’ व शेवटी ‘बीटीएस’ हा खंड असतो. बीटीएसमध्ये संदेशसंख्या नोंदवता येते. गळती पकडण्यास तीच कामी येते. हापीतील वाचक-वर्ग हे आवरण बाजूला सारून संदेश एकेक करून देतो. एमएलएलपी या संदेशवहनाच्या नियमावलीनुसार (पहा : टीसीपी/आयपी) पाठवताना प्रत्येक संदेशाआधी ०बी आणि नंतर १सी, ०डी हे षोडशमान बाइट लागतात. भारताची आरोग्यनोंद-मानके २०१३ मध्ये जाहीर झाली, २०१६ मध्ये सुधारली गेली. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने एचएल७चेच नवे मानक ‘फायर’ स्वीकारले; त्यात गठ्ठ्याची जागा ‘बंडल’ घेते. आरोग्यनोंद-मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे.