हुकमाची भाषा आणि रचनेची भाषा

यंत्रांचा इतिहास म्हटला की शोधकांची नावे आणि साले सांगण्याची रीत आहे. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आम्हांस त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते: यंत्राला हुकूम कोणी सोडायचा आणि हुकमांची मांडणी कोणी ठरवायची? संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न 'शेल' नावाच्या एका साध्या वस्तूपाशी येऊन ठेपतो. शेल म्हणजे कवच. माणसाने पडद्यावर एक ओळ टंकावी, यंत्राने ती वाचून काम करावे आणि पुढच्या ओळीची वाट पाहावी. या दोघांमधला दुभाष्या तो शेल.

हे नाव लुई पूझाँ या फ्रेंच गृहस्थांनी दिले. १९६४ च्या सुमारास ते अमेरिकेत एमआयटी या संस्थेत काम करीत होते. तेच तेच हुकूम रोज टंकण्यापेक्षा ते एकदा लिहून ठेवावेत आणि त्यांतूनच नवे हुकूम रचावेत, हा त्यांचा विचार. म्हणजे मुळात हुकूम आणि रचना यांच्यामध्ये भिंत नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

पुढे बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणाली तयार झाली. १९७१ साली केन थॉम्प्सन यांचा शेल आला. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ साली त्यात 'पाइप' बसला. गिरणीत एका खात्यातला माल पुढच्या खात्यात जाई, तसे एका आज्ञावलीतून निघालेले थेट दुसरीत जाऊ लागले. १९७९ साली स्टीफन बोर्न यांच्या शेलला अटी, आवर्तने असे भाषेचे अवयव मिळाले आणि १९८९ साली ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' आला.

पण या भाषेचा पिंड हुकमाचाच राहिला. तिला सारे जग म्हणजे अक्षरांची माळ. फाइलीच्या नावात मोकळी जागा आली, की बेसावध माणसाच्या हातून एका नावाची दोन नावे होत. काम जरा वाढले की ही भाषा सोडून दुसरी धरावी लागे. त्यातून हळूहळू दोन जाती पडल्या: यंत्र राखणारा आणि आज्ञावली रचणारा. एकाचा अनुभव दुसऱ्याच्या भाषेत उतरेना.

ही भिंत पाडण्याचे प्रयत्न झाले. ऑलिन शिव्हर्स यांनी १९९४ साली 'स्कीम' या पूर्ण विकसित भाषेवरच शेल उभारला. लिहून ठेवायच्या आज्ञावलींसाठी तो उत्तम होता. ओळीमागून ओळ टंकण्यास मात्र गैरसोयीचा. २०१५ साली अँथनी स्कोपात्झ यांनी 'पायथन' भाषेवर 'कॉन्श' रचला. नाव शंखाच्या इंग्रजी नावावरून बेतलेले. त्यात हुकूम आणि गणित एकाच ओळीवर नांदतात.

हे नांदणे सोपे नाही. 'एलएस -एल' या ओळीचा शेलमधला अर्थ 'फाइलींची सविस्तर यादी दाखव'. पायथनमध्ये तीच ओळ वजाबाकी ठरते. कॉन्श आधी पाहतो, ही दोन्ही नावे आपण अगोदर ठरवलेल्या राशींची आहेत काय? असतील तर वजाबाकी, नसतील तर हुकूम. एवढ्या बारीक विवेकावर दोन भाषांचा संसार उभा आहे.

मग जुना बॅश मागे का पडला नाही? कारण तो बहुतेक लिनक्स यंत्रांवर आयता सापडतो, आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावली कॉन्शमध्ये जशाच्या तशा चालतील असे नाही. मध्यरात्री परक्या यंत्रासमोर बसलेल्या माणसाला उत्तम हत्यारापेक्षा हाताशी असलेले हत्यार मोलाचे. आम्ही याला आळस म्हणणार नाही. सर्वांना सारखे मिळणारे हत्यार हीही कामगाराची एक ताकदच आहे.

तरीपण आज पुण्याच्या हिंजवडीत रात्रपाळीला दूरदेशीच्या यंत्रांची निगा राखणारी आपली मुले पाहिली, की वाटते, त्यांना नुसते ठरलेले हुकूम टंकायला शिकवून भागणार नाही. हुकूम रचण्याची विद्या त्यांना मिळाली पाहिजे. भाषा कोणतीही असो. ती भिंत निसर्गाने घातलेली नाही, आणि माणसाने घातलेली भिंत माणसाला पाडता येते.