शेवटचे तीस कोस

तंजावरच्या राजवाड्यातून बाहेर पडून शिवगंगा तलावाकडे चालत गेलं, की एक जुनं चर्च लागतं. आत पांढऱ्या संगमरवरात कोरलेलं एक दृश्य आहे: खाटेवर मरणासन्न म्हातारा पाद्री, आणि त्याचा हात हातात घेऊन उभा असलेला मराठी राजपुत्र. पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, राजपुत्र म्हणजे दुसरे सरफोजी. लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून हे स्मारक सरफोजींनीच करवून घेतलं. ते पाहताना प्रश्न पडतो, की हा पाद्री राजवाड्याच्या इतक्या जवळ पोचला कसा? कारण त्याच्या आधी निघालेल्यांना ते जमलं नव्हतं.

गोष्ट सुरू होते १७०५ च्या नोव्हेंबरात. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या आश्रयानं बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युट्शाऊ हे दोघे जर्मन धर्मोपदेशक कोपनहेगनहून ‘सोफिया हेडविग’ जहाजानं निघाले. सात महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून ९ जुलै १७०६ रोजी ते तरंगमबाडीला उतरले. दुसऱ्या दिवशी झिगेनबाल्गला चोविसावं वर्ष पूर्ण होणार होतं. स्वागताला मात्र कोणी नव्हतं. राजानं पाठवलेली ही माणसं वसाहतीच्या डॅनिश अधिकाऱ्याला नकोशी होती. भर बाजारात त्यांना ताटकळत उभं ठेवून तो निघून गेला. शेवटी कुणाला तरी दया आली, तेव्हा डोकं टेकायला जागा मिळाली.

विघ्नं एवढ्यावर थांबली नाहीत. त्यांच्यासाठी युरोपातून आलेली पैशांची पेटी किनाऱ्यावर उतरवताना समुद्रात गेली. १७०८ मध्ये त्याच अधिकाऱ्यानं झिगेनबाल्गला चार महिने कैदेत टाकलं. पुढे लंडनहून छापखाना निघाला, तर ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फ्रेंचांच्या हाती सापडलं. छापखाना कसाबसा सुटला, पण तो चालवायला निघालेला मुद्रक वाटेतच वारला. यंत्र आलं, माणूस आला नाही.

तरी झिगेनबाल्ग खचला नाही. मुलांबरोबर वाळूत बोटानं अक्षरं गिरवून तो तमिळ शिकला आणि नवा करार त्यानं तमिळमध्ये छापूनही काढला. एक गोष्ट मात्र त्याला साधली नाही. तरंगमबाडी डॅनिशांकडे होती, पण ती तंजावरच्या राज्यानं दिलेली जागा होती. तिच्या वेशीबाहेरचा मुलूख शहाजीराजांचा, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या मुलाचा. तंजावर तिथून जेमतेम शंभर किलोमीटर, जुन्या हिशोबानं तीसेक कोस. एकदा झिगेनबाल्ग देशी पेहराव करून निघालाही, पण अर्ध्या वाटेवरून त्याला परतावं लागलं. १७१९ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो तरंगमबाडीतच वारला. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेल्या माणसाचे शेवटचे तीस कोस राहूनच गेले.

ते तीस कोस श्वार्ट्झनं ओलांडले, पण त्यालाही वेळ लागला. १७५० मध्ये तो तरंगमबाडीला उतरला, मग बरीच वर्षं तिरुचिरापल्लीत होता, आणि तंजावरला कायमचा आला तो १७७८ मध्ये. पहिल्या दोघांच्या पावलांना बहात्तर वर्षं उलटून गेली होती. दार उघडलं ते मुख्यतः त्याच्या शब्दावरच्या विश्वासानं. १७७९ मध्ये इंग्रजांनी हैदरअलीकडे बोलणी करायला त्यालाच धाडलं. पुढे हैदरच्या स्वारीत तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. सरकार पैसे देईल यावर शेतकऱ्यांचा भरवसा उरला नव्हता. श्वार्ट्झनं स्वतः हमी घेतली, तेव्हा बैल मिळाले, धान्य आलं. धर्म सांगायला आलेल्या माणसाला आधी दाणापाणी सांभाळावं लागलं.

म्हणूनच १७८७ मध्ये तुळजाजीराजांनी मरताना आपला दत्तक मुलगा त्याच्या हवाली केला असावा. गादी मात्र अमरसिंगांकडे गेली. मुलाच्या जिवाला धोका आहे असं दिसल्यावर १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवण्यात आलं. त्याच्या हक्कासाठी श्वार्ट्झ कंपनी सरकारकडे पत्रांमागून पत्रं लिहीत राहिला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तो वारला. त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. चार-साडेचार महिन्यांचं अंतर. हाही प्रवास शेवटच्या टप्प्यावर तुटलाच.

आणि तो प्रवास गाठायला निघाला होता कुठे? सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. १७९९ च्या तहानं राज्य कंपनीकडे गेलं, त्यांच्याकडे किल्ला आणि तनखा उरला. राजवाड्यात त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. १८२० मध्ये ते राण्यांसह सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले आणि परतताना हस्तलिखितांचा मोठा साठा घेऊन आले. पाद्र्याच्या हाताखाली वाढलेला राजा गंगेकडे गेला. आणि त्याच राजानं पाद्र्याच्या मरणाचं दृश्य संगमरवरात कोरून घेतलं. त्याला या दोन गोष्टींत विसंगती वाटली नाही.

पेटी बुडाली, मुद्रक वारला, आयुष्य पुरलं नाही. मिशनच्या वहीत हा हिशोब तोट्याचाच मांडावा लागेल. पण शिवगंगेजवळच्या त्या चर्चमध्ये उभं राहिलं, की नजर पुन्हा पुन्हा दोन हातांवरच जाते. एक हात बाल्टिकच्या बाजूनं आलेला, एक वेरूळच्या भोसल्यांच्या घराण्यातला. कोणी कोणाला आपल्याकडे ओढलेलं नाही. नुसता धरलेला आहे. झिगेनबाल्गचे राहिलेले तीस कोस तिथे संपतात.